पी.पी. नंबरवरचा सर्व्हर: घरच्या कॉम्प्युटरवरून फाइली पोचवायच्या तर

आजोबा कीर्तनकार होते. त्यांच्या कीर्तनांच्या साठ कॅसेटी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडल्या आणि वर्षभर दर रविवारी एकदोन करत मी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. नव्वद मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जात उतरवली, तर सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे एका कॅसेटचे साधारण ९५० एमबी. साठ कॅसेटींचे ५७ जीबी झाले. नागपूरच्या ताईला त्या सगळ्या हव्या होत्या, आणि एमपी३ करून मुळीच नको होत्या. "त्यात टाळ पत्रा बडवल्यासारखे वाजतात," असं तिचं म्हणणं.

फुकट मिळणाऱ्या गूगल ड्राइव्हची जागा १५ जीबी, तीही मेल आणि फोटोंमध्ये वाटलेली. एकदाच पाठवायचं असतं तर मी पेनड्राइव्ह कुरिअरला दिला असता. तुमचंही काम एकदाचंच असेल तर तेच करा, पुढचा लेख वाचू नका. आमचं तसं नव्हतं. मी आवाजातली खरखर कमी करून फाइली पुन्हा ठेवणार, ताई ऐकून अभंग उतरवून काढणार आणि ते कागद त्याच जागी टाकणार. रोजची देवाणघेवाण होती. घरात जुना डेस्कटॉप धूळ खात पडलेला होताच, त्याला सर्व्हर करायचं ठरलं.

सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे एसीच्या खोलीतलं काळं कपाट येतं. प्रत्यक्षात सर्व्हर हे यंत्राचं नाव नाही, कामाचं आहे. कोणी हाक मारेल म्हणून कान टवकारून बसलेला एक प्रोग्रॅम, एवढंच. तो ज्या ठिकाणी कान लावून बसतो त्या आकड्याला पोर्ट म्हणतात. ० पासून ६५५३५ पर्यंतचे आकडे आहेत आणि नेहमीच्या कामांचे आकडे ठरून गेलेले आहेत. असा प्रोग्रॅम तुमच्या लॅपटॉपवरही बसेल, जुन्या डेस्कटॉपवरही आणि रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरही. बसवायला दहा मिनिटं पुरतात. माझे तीन आठवडे गेले ते बाहेरच्या माणसाला आपल्या घरापर्यंत कसं आणायचं आणि आल्यावर त्याला नेमक्या किती खोल्या दाखवायच्या, यात.

आधी कोणती भाषा बोलायची ते ठरवू. या कामाची जुनी भाषा एफटीपी, म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. ती पहिल्यांदा लिहून काढली अभय भूषण यांनी. कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली बाहेर पडलेला हा मुलगा पुढे अमेरिकेत एमआयटीत गेला आणि १६ एप्रिल १९७१ रोजी 'आरएफसी ११४' या क्रमांकाच्या टिपणात एफटीपीचा पहिला आराखडा मांडला. आजच्या इंटरनेटचा पाया असलेली टीसीपी-आयपी ही पद्धत अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर, लागू झाली १ जानेवारी १९८३ ला. म्हणजे एफटीपी तिच्याहूनही बारा वर्षांनी थोरली. थोरल्या माणसांबद्दल आदर ठेवूनही सांगावं लागतं की तिची एक खोड आज परवडत नाही: ती तुमचं नाव आणि पासवर्ड उघड्या पोस्टकार्डावर लिहून पाठवते. वाटेत ज्याच्या हातात कार्ड पडेल तो वाचणार. जाळ्यावरच्या मोजक्या यंत्रांच्या मागे ओळखीतलीच माणसं होती तेव्हा ते चालून गेलं. ब्राउझरवाल्यांनीही शेवटी हात टेकले: २०२१ साली फायरफॉक्सने ९०व्या आणि क्रोमने ९५व्या आवृत्तीत एफटीपीचा आधार काढूनच टाकला. पूर्वी पत्त्याच्या जागी एफटीपीचा पत्ता टाकला की फोल्डर दिसायचे, ते आता का दिसत नाहीत याचं उत्तर हे.

आता नावांचा घोळ. एफटीपीएस म्हणजे तीच जुनी एफटीपी, फक्त पोस्टकार्डाऐवजी बंद पाकिटात. एसएफटीपी म्हणजे मात्र एफटीपीची कोणीच नाही, केवळ नावात नाव. ती एसएसएच नावाच्या वेगळ्या घराण्यातली, म्हणजे दूरच्या यंत्राशी बंद पाकिटातून बोलायच्या भाषेच्या. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड चोरून वाचत असल्याचं उघडकीला आलं, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिली. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेट या दूरच्या यंत्रावर काम करायच्या जुन्या पद्धतीचा २३, मधला २२ रिकामा होता. तो त्यांनी मागितला आणि मिळाला. आजही एसएसएच आणि तिच्यावर चालणारी एसएफटीपी २२ वरच बसतात. घरच्या सर्व्हरसाठी माझं मत सरळ आहे: एसएफटीपी घ्या. सुरक्षिततेचं कारण तर आहेच, पण दुसरंही एक कारण आहे. ते कळायला आधी पी.पी. नंबर आठवावा लागेल.

ऐंशीच्या दशकात चाळीत एखाद्याच घरी फोन असायचा. बाकीचे आपल्या कार्डावर तोच नंबर छापून पुढे 'पी.पी.' लिहायचे. आमच्या मजल्यावर तो फोन जोशीकाकूंकडे होता. आपल्याला बाहेर फोन करायचा तर अडचण नव्हती: काकूंकडे जायचं, रुपया ठेवायचा, बोलायचं. बाहेरून फोन आला की मात्र सगळं काकूंवर. हवंय कोण ते त्यांना कळलं तर त्या गॅलरीत येऊन हाक मारणार. पलीकडच्याने नाव सांगितलं नाही, तर "राँग नंबर" म्हणून ठेवून देणार.

तुमच्या घरचा राउटर म्हणजे जोशीकाकू. बाहेरच्या जगाला दिसणारा आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरचा घर नंबर, एकच, तो राउटरचा. घरातल्या कॉम्प्युटरला, मोबाइलला, टीव्हीला राउटर आतल्या आत खोली क्रमांक वाटतो: १९२.१६८.१.१०, १९२.१६८.१.११ असे. हे आकडे घराबाहेर निरर्थक आहेत, कारण अगदी हेच आकडे शेजारच्या घरातही आहेत आणि ताईच्या नागपूरच्या घरातही. तुम्ही आतून बाहेर गेलात, एखादी वेबसाइट उघडली, तर काकू लक्षात ठेवतात की हा कॉल १० नंबरवाल्याचा, आणि उत्तर बरोबर त्याच्याकडे पोचवतात. पण नागपूरहून कोणी आपणहून आलं, तर त्याला कोणाकडे पाठवायचं हे त्यांना माहीत नसतं. म्हणून त्या फोन ठेवून देतात. तुमचा सर्व्हर आत कान टवकारून बसलेला असतो आणि त्याच्यापर्यंत हाकच जात नाही.

यावरचा इलाज म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. राउटरच्या पानावर जाऊन काकूंना कायमचं सांगून ठेवायचं: २२ नंबरची चौकशी आली की १९२.१६८.१.१० ला हाक मारा. त्याआधी एक काम करा, डीएचसीपी रिझर्व्हेशन, म्हणजे त्या कॉम्प्युटरला हा खोली क्रमांक राखून ठेवा. नाहीतर वीज जाऊन आली की खोल्यांची अदलाबदल होते आणि काकू टीव्हीला हाका मारत बसतात. बाहेरचा पत्ताही इंटरनेट देणारी कंपनी अधूनमधून बदलते. त्यासाठी डायनॅमिक डीएनएसची सेवा असते. ती बदलत्या पत्त्याला एक न बदलणारं नाव देते. डकडीएनएससारख्या फुकट सेवा त्याला पुरतात.

आता त्या दुसऱ्या कारणाकडे. एफटीपीला दोन फोन लागतात. एका लाइनवर, म्हणजे पोर्ट २१ वर, फक्त बोलणी: अमुक फाइल दे, तमुक फोल्डर दाखव. प्रत्यक्ष फाइल दुसऱ्या लाइनवरून येते. जुन्या, सक्रिय पद्धतीत पाहुणा, म्हणजे फाइल मागणारा कॉम्प्युटर, म्हणतो, "मी या नंबरवर थांबतो, तू मला फोन कर." सर्व्हर उलटा फोन करतो आणि पाहुण्याच्या घरच्या जोशीकाकू तो तोडून टाकतात. म्हणून आली निष्क्रिय पद्धत. तिच्यात सर्व्हर म्हणतो, "तूच मला इथे फोन कर," आणि सहा आकडे सांगतो. माझ्या पहिल्या प्रयोगात सर्व्हरने पाठवलेलं उत्तर असं होतं:

२२७ … १९२,१६८,१,१०,१९५,८०

पहिले चार आकडे म्हणजे पत्ता. शेवटच्या दोहोंत पोर्ट दडलेला आहे: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, बरोबर ५०,०००. सगळं अगदी शिस्तशीर. फक्त सर्व्हर बिचारा चाळीच्या आत बसलेला, त्याला ठाऊक असलेला पत्ता म्हणजे खोली क्रमांक. तोच त्याने इमानदारीत नागपूरला कळवला. ताईच्या कॉम्प्युटरने १९२.१६८.१.१० शोधला आणि तो सापडलाही, तिच्याच घरात! तिथे तिचा प्रिंटर होता. लॉगिन झालेलं, पण फोल्डरची यादी काही केल्या येईना, याचं कारण शोधण्यात आमचा एक शनिवार गेला. तुमच्या एफटीपीतही लॉगिन होऊन यादीपाशी गाडी अडत असेल, तर पहिला संशय इथेच घ्या. फाइलझिला सर्व्हर या एफटीपीच्या प्रोग्रॅममध्ये बाहेरचा पत्ता लिहायची आणि निष्क्रिय पोर्टचा पट्टा, समजा ५०,००० ते ५०,१००, ठरवायची सोय आहे. मग तो सगळा पट्टा राउटरवरही उघडावा लागतो. एसएफटीपीत ही भानगडच नाही. बोलणी आणि फाइल दोन्ही त्या एका २२ वरून जातात, एकच खिडकी.

एफटीपीच्या या प्रयोगाच्याही आधीची गोष्ट: राउटरवर पोर्ट उघडला आणि तरीही नागपूरहून काही येईना. राउटरच्या पानावर पाहिलं, तर त्याचा स्वतःचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत होता आणि 'माझा आयपी काय' असं वेबवर विचारलं तर उत्तर भलतंच. याचा अर्थ असा की फोन आपल्या चाळीत नाहीच. तो नाक्यावर आहे, दहा चाळींना मिळून एक, आणि तिथल्या माणसाला तुमचं नावही ठाऊक नाही. याला सीजीनॅट म्हणतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण ४,२९,४९,६७,२९६. आकडा मोठा वाटतो, पण जगाच्या लोकसंख्येला पुरत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. पुढच्या वर्षी कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवण्यात आला. तुमच्या राउटरचा पत्ता या पट्ट्यात असेल, तर घरात कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य. ही तपासणी सगळ्यात आधी करायची, हे मला सगळ्यात शेवटी कळलं. कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलाने मला तीनदा राउटर बंद-चालू करायला लावला, त्याचं अजून हसू येतं.

इथून तीन वाटा फुटतात. जास्तीचे पैसे भरून कंपनीकडून स्वतःचा, न बदलणारा पत्ता घ्या. किंवा दोन्ही टोकांना आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा लांबलचक आयपी पत्ता, चालू असेल तर तो वापरा. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता मिळतो, मात्र दार लावायची जबाबदारी फायरवॉलवर, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या प्रोग्रॅमवर, येते. तिसरी वाट टेलस्केलसारख्या खाजगी जाळ्याची. तुमच्या आणि ताईच्या कॉम्प्युटरवर एकेक प्रोग्रॅम बसवायचा. दोघंही आतून बाहेर फोन करतात आणि मध्यस्थ त्यांची गाठ घालून देतो. दोन्हीकडच्या काकूंना वाटतं, आपल्याच माणसाने लावलेला कॉल आहे. राउटरवर एकही पोर्ट उघडावा लागत नाही. घरातल्याच दोन-चार माणसांना फाइली द्यायच्या असतील तर मी डोळे मिटून हाच मार्ग सांगेन. स्वतः मात्र आधी पैसे भरून पत्ता घेतला, कारण हौस.

सर्व्हर बसवायची कृती आता थोडक्यात. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये 'ओपनएसएसएच सर्व्हर' सापडेल, तो जोडा. मग 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन तो आपोआप सुरू होईल असं करा. विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स असेल तर ओपनएसएसएच-सर्व्हर नावाचं पॅकेज बसवा, ते लगेच कामाला लागतं. नंतर पाहुण्यासाठी वेगळं, साधं खातं उघडा. स्वतःचं रोजचं खातं कोणाला देऊ नका, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुमच्या खात्यातून बँकेचे कागद, फोटो, सगळंच दिसतं.

पाहुण्याला एकाच फोल्डरात ठेवायचं, त्याबाहेरचं जग त्याला दिसूच नये, याला क्रूट म्हणतात. सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'क्रूट डिरेक्टरी' या ओळीपुढे फोल्डर लिहायचा आणि त्याखाली 'फोर्स कमांड'पुढे 'इंटर्नल-एसएफटीपी', म्हणजे पाहुण्याला फाइलींखेरीज दुसरा कुठला हुकूम सोडता येत नाही. मी ते केलं आणि ताईला जोडणी होताक्षणी तुटल्याचा निरोप येऊ लागला. सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला तर त्यात स्वच्छ लिहिलेलं: 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स'. नियम असा की ज्या फोल्डरात कोंडायचं त्याची मालकी रूटची, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याचीच हवी, आणि दुसऱ्या कोणाला तिथे लिहायची मुभा नको. मी तर तो फोल्डर मोठ्या मनाने ताईच्या खात्याच्या नावावर केला होता. मग सरळ केलं: वर 'कीर्तन' हा फोल्डर रूटचा, त्याच्या पोटात 'ऐकायला' हा फक्त वाचायला आणि 'ताईकडून' हा तिला लिहायला. वाड्याची मालकी आजोबांची, खोली ताईची.

पत्ता विकत घेऊन पोर्ट २२ उघडला ती रात्र लक्षात आहे. सकाळी लॉग पाहिला, तर रात्रभर दारावर थापा. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, पाय, उबुंटू, एकेका नावाने कोणीतरी पासवर्ड लावून पाहत होतं. माझ्यावर कोणाचा राग नव्हता. यंत्रं जगातले सगळे पत्ते ओळीने ठोठावत फिरतात, त्यात मीही आलो. तेव्हा पासवर्डने आत यायची सोयच बंद केली आणि किल्ल्यांची जोडी वापरली. ताईच्या कॉम्प्युटरवर दोन फाइली तयार होतात. एक सार्वजनिक, तिला कुलूप समजा. दुसरी खाजगी, ती किल्ली. कुलूप मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तरी चालतं, ते मी तिच्या खात्याच्या दाराला लावलं. किल्ली तिच्या यंत्राबाहेर जात नाही. सांगूनही तिने पहिल्यांदा मला किल्लीच पाठवली होती. ती जोडी फेकून नवी केली. थापा त्यानंतरही पडत राहिल्या, पण भिंतीवर काढलेल्या दाराच्या चित्रावर पडाव्यात तशा. महिना संपल्यावर तो पत्ता सोडला आणि आम्ही टेलस्केलवर आलो. लॉग आता शांत असतो.

तपासताना आणखी एक फसगत होते. घरच्याच वायफायवर बसून आपल्या बाहेरच्या पत्त्याने जोडणी करून पाहाल तर बरेच राउटर ती होऊ देत नाहीत. चाळीतून काकूंच्याच नंबरवर फोन लावण्यासारखं आहे ते. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहा.

वेगाचं गणित करताना जाहिरातीतला मोठा आकडा विसरा. तो बहुधा खाली उतरवण्याचा असतो, आणि सर्व्हरचं काम वर चढवण्याचं. शिवाय तो मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये, त्यामुळे आठाने भागा. माझ्याकडे अपलोड ४० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ एमबी. ५७ जीबीला सव्वातीन तासांच्या आसपास, तेही मध्ये काही विघ्न आलं नाही तर. विजेचं म्हणाल, तर जुना डेस्कटॉप ६० वॅट खातो असं धरलं आणि तो दिवसरात्र चालू ठेवला, तर महिन्याला ४३ युनिट होतात. रास्पबेरी पाय ५ वॅटमध्ये भागवतो, चार युनिटही नाहीत. आम्ही ठरवलं की रात्री नऊ ते बारा एवढीच खिडकी उघडी. मात्र झोपेची, म्हणजे स्लीपची सेटिंग बंद करायला विसरू नका. पहिल्या रात्री आमचा सर्व्हर अर्ध्या तासात घोरायला लागला होता.

तिसऱ्या रात्री नागपुरात वीज गेली आणि जोडणी तुटली. वीज आल्यावर ताईकडच्या फाइलझिलाने, म्हणजे फाइली उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने, विचारलं की अर्धवट फाइल पुन्हा पहिल्यापासून घेऊ की पुढे चालू करू. तिने 'रिझ्यूम' दाबलं आणि राहिलेलं तेवढंच आलं. साडेअकराला तिचा फोन.

"सगळ्या आल्या रे. पण कॅसेट ३७ ची बी बाजू ऐकलीस का? पाच मिनिटं निरूपण आहे आणि मग नुसत्या कुकरच्या शिट्ट्या. कोणीतरी रेकॉर्डर चालूच ठेवलाय स्वयंपाकघरात."

"हो, ऐकली. ती काढून टाकू का? साडेचारशे एमबी अडवलेत."

"काढलीस तर बघ. मागे आई कोणाशी तरी भांडतेय, ते मला नीट ऐकायचंय."

'ऐकायला'मध्ये ती फाइल अजून आहे. 'ताईकडून'मध्ये तिसऱ्या दिवशी एक कागद आला: आई पेपरवाल्याशी भांडत होती, दोन रविवारच्या पुरवण्या न दिल्याबद्दल.